एडक्यानं पाडलेली गाडी

एडक्याने गाडीला ढुशी मारली, यात एडक्याचा काही दोष नव्हता. पुसून चकचकीत केलेल्या टाकीत त्याला समोर दुसरा एडका दिसला, आणि असल्या वेळी एडके विचार करत बसत नाहीत. दोष द्यायचाच तर बिरुदेवला द्यायला हवा. आयुष्यात कधी स्वतःचा आरसा न पुसलेला हा माणूस त्या गाडीची टाकी मात्र रोज संध्याकाळी पटक्याच्या शेवाने पुसत बसे.

गाडी तशी गमतीदारच होती. बसायची जागा गुडघ्याच्या उंचीवर, चाकं जाड आणि बुटकी, आणि पोटात पाणी उपसायच्या पंपाचं छोटं इंजिन, दोरी ओढून चालू होणारं. सोलापूरच्या कॉलेजात मुलांनी कुठल्याशा स्पर्धेसाठी ती बनवली, स्पर्धा हरली आणि गाडी शेडमध्ये टाकून दिली. बिरुदेवची मुलगी सृष्टी त्याच कॉलेजात डिप्लोमा करत होती. तिने सरांना विचारून ते भंगार मागून घेतलं, सुट्टीचे सगळे दिवस त्यात घातले आणि गाडी बापाच्या पुढ्यात आणून उभी केली.

कारण मागच्या वर्षी एक ताल, शेताचा उंच बांध, उतरताना बिरुदेवचा उजवा गुडघा गेला, तो काही परत आला नाही. पाय वाकेना. लुना घेऊन पाहिली, तर तिच्यावर टांग टाकणं जमेना, आणि मेंढरं दर चार पावलांना थांबतात तेव्हा ती सावरणं त्याहून जमेना. या बुटक्या गाडीवर मात्र बिरुदेव बाजेवर बसावा तसा बसे, दुखरा पाय पुढे लांब सोडी आणि नुसती मूठ पिळून मेंढरांच्या चालीने चाले. मागे वेताची पाटी बांधलेली होती. वाटेत जन्मलेली कोकरं तीत बसून यायची.

हे सगळं बिभीषणला पटत नव्हतं. बिभीषण हा बिरुदेवचा थोरला भाऊ, सृष्टीचा तात्या. कळप दोघा भावांचा सामाईक. तात्यांची मुलं पुण्यात नोकरीला लागली, तात्या माढ्याजवळच्या गावी शेती बघायचे, आणि मेंढरामागे वर्षभर हिंडायचं ते बिरुदेव आणि त्याची बायको राजाबाई यांनी. तात्यांचं म्हणणं सरळ होतं. भावाचा पाय गेला, आता कळप विकून टाकावा आणि दोघांनी गावी येऊन बसावं. व्यापारीही त्यांनी ठरवून ठेवला होता. बिरुदेवने एवढंच मागून घेतलं की, सोलापूरच्या कडेच्या माळावरून अक्कलकोट रस्त्याला कल्लप्पाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला न्यायची आहेत, मेंढराच्या चालीने दिवसभराची वाट आहे. तेवढी वाट मी गाडीवर बसून नेतो. दिवस मावळायच्या आत कळप शेतात पोचला तर ठेवायचा, नाही पोचला तर व्यापाऱ्याचा टेम्पो तिथेच बोलवायचा. तात्या हो म्हणाले आणि सोबत चालत यायलाही तयार झाले. भावावर त्यांचा जीव होता, विश्वास मात्र नव्हता.

आणि नेमकं निघायच्या आधी हे एडक्याचं झालं.

"गाडी आडवी झाल्ती," आबा, म्हणजे बिरुदेव, पहाटे सृष्टीला फोनवर म्हणाले. "उभी केली. पर दोरीच ओढंना झालीय. तू येतीस का?"

"किती वेळ आडवी होती?"

"होती की बराच येळ," आबा म्हणाले आणि विषय आवरता घेतला.

सृष्टी भल्या सकाळी माळावर पोचली तेव्हा राजाबाई चुलीपाशी भाकरी बांधत होती आणि तात्या पांढरंशुभ्र धोतर नेसून गाडीच्या दोरीशी झटत होते. दोरी बोटभरही हलत नव्हती. इंजिन आतून जाम झालंय, आता काही खरं नाही, असं तोंड करून ते उभे राहिले.

"तात्या, सोडा ती," सृष्टी म्हणाली. "जोर लावला तर आतलं मोडंल."

"मोडायचं काय ऱ्हायलंय आता?"

सृष्टीने गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी ज्या अंगावर पडली होती ते अंग तेलाने काळं झालं होतं आणि हवेच्या गाळणीच्या डब्यातून तेल ठिबकत होतं. तिला बरंच काही कळलं. गाडी बराच वेळ नव्हे, रात्रभर आडवी होती. खालच्या भांड्यातलं तेल वाट काढत सिलिंडरमध्ये शिरलं होतं. दट्ट्या वर यायला बघतो आणि तेलावर अडतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग दोरी ओढली जाणार कशी.

तिने प्लग खोलला. वायरची टोपी लांब बाजूला अडकवली, ठिणगी उडायला नको म्हणून. मग म्हणाली, "तात्या, जरा सरका."

तात्या आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून सरकले नव्हते. सृष्टीने दोरी ओढली, दोरी सरसर आली आणि प्लगच्या भोकातून तेलाची पिचकारी थेट त्यांच्या धोतरावर गेली. राजाबाईने पदर तोंडात कोंबला. आबा घाईघाईने मेंढरं मोजायला लागले.

तेल यायचं थांबेपर्यंत सृष्टी दोरी ओढत राहिली. प्लग पुसून, घासून कोरडा केला. गाळणीतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, फडक्यात दाबून पिळला, उन्हात धरला. कमी झालेलं तेल भरलं. टाकी हलवून पाहिली, पेट्रोल खळखळत होतं. "सांडलं तेवढं परत भरलंय मी," आबा म्हणाले. मग तिने प्लग बसवून दोरीला झटका दिला. पहिल्याला काही नाही, दुसऱ्याला एक खोकला, आणि तिसऱ्याला इंजिनाने ढगभर पांढरा धूर सोडला आणि फटफट सुरू झालं. आत राहिलेलं तेल जळून गेलं तसा धूर विरला. राजाबाईचा जीव भांड्यात पडला. आबांनी दोन कोकरं पाटीत ठेवली, त्यातलं एक जरा जास्तच जपून, आणि कळप निघाला.

सृष्टी गाडीबरोबर चालत होती आणि मनातून फुलली होती. तात्यांच्या धोतरावरचा डाग समोर डुलत होता, त्याकडे बघून तर तिला फारच बरं वाटत होतं. हा आनंद पहिल्या ओढ्याच्या पुलापर्यंत टिकला. तिथे गाडी दोनदा अडखळली आणि बंद पडली.

तापली असेल, असं तिने ठरवलं. सगळे थांबले, सगळे पाणी प्यायले, तिने दोरी ओढली आणि गाडी निमूट चालू झाली. थोडी वाट गेली आणि पुन्हा बंद. थांबलं की चालू होई, चाललं की बंद पडे. ऊन वर चढलं. मेंढरं काही इंजिनासाठी थांबत नाहीत, ती चरत चरत पुढे निघून गेली आणि त्यांच्यामागे राजाबाईला जावं लागलं. तात्याही तिच्या मदतीला पुढे गेले. जाताना त्यांनी खिशातून फोन काढलेला सृष्टीने पाहिला.

"टेम्पोला सांगालेत," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. आबा गाडीवरून उतरले, काठी घेतली आणि पाय ओढत चालायला लागले. चार-पाच पावलांत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आबा, बसा खाली. गाडी हाय, मी हाय."

"बंद पडालीय की सारखी."

"बंद पडतीय ते का, ते तर बघू द्या."

आबा बांधावर बसले. सृष्टीने आता घाई सोडली. सकाळी घाईच नडली होती. तेल सापडलं, तेवढ्यावर ती खूश झाली होती. तिने प्लग पुन्हा खोलला आणि टोक बघितलं. कोरडं. ओलं असतं तर पेट्रोल जास्त येतंय म्हणायचं. कोरडं म्हणजे पेट्रोल येतच नाही. प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढली, ठिणगी निळी कडक होती. म्हणजे खोट पेट्रोलच्या वाटेवर. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल केला. चार थेंब पडले आणि थांबले. तिने टाकीकडून येणारी नळी काढली. नळीतूनही तेच, जरा गळलं आणि थांबलं. टाकी तर भरलेली.

टाकीच्या तळाला कचरा बसला असणार, या विचाराने आत बघायला तिने झाकण फिरवलं. झाकणाने फुस्स करून हवा आत ओढली. त्या क्षणी हातातल्या नळीतून पेट्रोल धार लागून तिच्या पायावर पडलं.

सृष्टी तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. टाकीला श्वास घ्यायला भोक लागतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. भोक बुजलं की टाकी पेट्रोल धरून ठेवते. गाडी थांबली की कुठून तरी हळूहळू हवा शिरते, थोडं पेट्रोल सुटतं, म्हणून थांबल्यावर गाडी चालू होते. सगळं जुळलं. तिने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूने, भोकावर, लोकरीची छोटी गोळी घट्ट वळून बसवली होती आणि तिच्यावर मेण ओतलं होतं. काम इतकं सुबक होतं की ते कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. लोकर अशी वळणारा हात तिने जन्मापासून पाहिला होता.

"आबा, हे काय हाय?"

आबा मेंढरं गेली त्या दिशेला बघू लागले. "बूच हाय."

"कशाला मारलं?"

"गळत हुतं तितनं."

"मग मला सकाळी का न्हाय सांगितलं? एवढा इंजिनाचा जीव काढला मी."

"सांगितलं असतं तर तू काढून टाकलं असतंस."

सृष्टीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती बरंच बोलली. अख्खा कळप जायची पाळी आलीय आणि तुम्ही बूच लपवून बसलात, असंही बोलली. आबांनी ऐकून घेतलं. मग पाटीतलं ते एक कोकरू उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"ह्याचा वास घे."

कोकराला दुधाचा, लोकरीचा वास येत होता. दुसरा कसलाच नाही.

"गाडी पडली तवा हे पाटीतच हुतं," आबा म्हणाले. "सगळं प्याट्रोल ह्येच्या अंगावर. ह्येच्या आईनं, काळतोंडीनं, हुंगलं आन् लाथ मारली. आपलं हाय हेच कळंना की तिला. मेंढी डोळ्यानं वळखत न्हाय, नाकानं वळखती. रातभर तुझी आई आन् मी ह्येला धुवालोय, तिचंच दूध काढून अंगाला चोळालोय. गाडी उचलायला टायम कुणाला हुता? पहाटं कुटं काळतोंडीनं जवळ घेतलं. मग मी ते भोक बुजिवलं. गाडी थांबली तर मी रांगत जाईन, सृष्टी. पर ह्या पाटीत परत प्याट्रोल सांडू देणार न्हाय."

सृष्टीचा राग कुठल्या कुठे गेला. तिला बापाचा एकदम फार अभिमान वाटला आणि पाठोपाठ भीतीही वाटली, कारण दोघेही बरोबर होते आणि तरी गाडी उभीच होती. भोक उघडं ठेवलं तर माळावरच्या हिसक्यांनी पेट्रोल उडणार. बंद ठेवलं तर इंजिन मरणार.

भोक हवं, पण ते उंचावर हवं, असं तिच्या मनात आलं. तिने राजाबाईची औषधांची पिशवी हँडलवरून काढली. मेंढरांच्या मागे हिंडणाऱ्या बाईच्या पिशवीत अर्धा दवाखाना असतो. जंताचं औषध, सुया, हळद, आणि आजारी मेंढीला डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं त्याची धुऊन गुंडाळून ठेवलेली नळी. सृष्टीने खोललेलं सगळं परत जागी बसवलं, बूच काढलं, नळीचं टोक भोकात बसवलं आणि झाकण आबांच्या पुढे धरलं.

"आता ह्येच्या भोवतीनं बुजवा. तुमच्यासारखं मला जमायचं न्हाय."

आबांनी घोंगडीच्या काठातून लोकर उपटली, वळली, नळीभोवती आवळली. मेण उन्हाने मऊच होतं, ते अंगठ्याने दाबून बसवलं. सृष्टीने झाकण लावलं, नळी हँडलच्या दांड्यावरून वर नेली, सुतळीने बांधली आणि वरचं टोक धूळ जाऊ नये म्हणून खाली वाकवलं. कोकरं बांधावर ठेवून गाडी दोघांनी मिळून क्षणभर आडवी केली. आबांनी टाकीखाली तळहात धरला. हात कोरडा राहिला. त्यांनी तो हुंगून पाहिला, दुसऱ्यांदाही हुंगला आणि मान हलवली.

गाडी उभी करून, कोकरं पाटीत ठेवून तिने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. पुलापर्यंत जितकी वाट झाली होती तितकी झाली, इंजिन चालू. त्याच्या दुप्पट झाली, इंजिन चालू. सृष्टी धावत होती, दमली होती, आणि तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. शेवटी ती एकदा ओरडलीच. आबांनी मागे वळूनही बघितलं नाही, मूठ तेवढी जास्त पिळली.

कळपाशी त्यांची गाठ पडली ती कल्लप्पाच्या शेताच्या अलीकडच्या ओढ्यावर. पाणी घोट्याएवढं होतं, पण मेंढरू पाण्यात पाय घालायचं म्हटलं की हटून बसतं, आणि एक हटलं की सगळी हटतात. राजाबाई हाका मारून दमली होती. तात्या काठी घेऊन मागून रेटत होते, तर मेंढरं त्यांना वळसा घालून मागे पळत होती. ऊन तिरपं झालं होतं. पलीकडच्या बांधावर कल्लप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या मागे रस्त्याच्या कडेला रिकामा टेम्पो येऊन थांबला होता.

टेम्पो सृष्टीला लगेच दिसला. आबांनी टेम्पोकडे बघितलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी गाडी हळूहळू कळपाच्या कडेने पुढे काढली. मेंढरं फटफटीला सरावलेली, त्यांनी वाट दिली. गाडी पाण्यात उतरली, जाड चाकांनी चिखल धरला. पाण्याच्या मध्यावर आबांनी हात मागे नेऊन पाटीतलं कोकरू जरा उचललं. ते बें करून ओरडलं.

काठावर काळतोंडीचे कान उभे राहिले. ती पाण्याजवळ आली, मान लांब करून तिने हवा हुंगली. कोकरू पुन्हा ओरडलं. काळतोंडीने एक पाय पाण्यात घातला, उचलला, झटकला, आणि मग सरळ गाडीमागे धावत सुटली. तिच्यामागे दुसरी गेली. मग काठावर नुसती रेटारेटी झाली आणि सगळा कळप पाणी उडवत आबांच्या मागून पलीकडे चढला. त्यात तो एडकाही होता.

तात्या ओढ्यात तसेच उभे होते. मेंढरांनी उडवलेल्या चिखलात धोतरावरचा तेलाचा डाग आता शोधूनही सापडला नसता. ते पाणी तुडवत बांधावर गेले, टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोलले. टेम्पो वळला आणि रिकामाच सोलापूरच्या रस्त्याला लागला. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता.

"बर्री, बर्री," कल्लप्पा कानडीत म्हणाला. "या की वर. लई टायम लावलासा."

शेतात मेंढरं बसली की शेतमालकाने ज्वारी द्यायची, आणि ती कळप घेऊन येणाऱ्याच्या घोंगडीत घालायची, अशी त्यांची रीत. इतकी वर्षं थोरला म्हणून घोंगडी तात्याच पसरत आले होते. कल्लप्पा सूप भरून सवयीने तात्यांच्या पुढे आला. तात्यांनी हात मागे घेतले.

"मी न्हाय आणली," ते म्हणाले. "बिरूला द्या."

आबा गाडीवरून उतरले नाहीत. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, दोन टोकं स्वतः धरली आणि उरलेली दोन सृष्टीच्या हातात दिली. राजाबाईने आधी मान वळवली, मग न लपवताच रडायला लागली. सृष्टीचे हात काळेकुट्ट होते. घोंगडीत ज्वारी पडू लागली तशी तिलाही समोरचं धड दिसेना.

"घट धर," आबा म्हणाले. "अजून यायचीय."